रूडीची बाजू

रूडी मेला तेव्हा दिवे चालू होते, म्हणून कोणाला कळलं नाही.

जनरेटरच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून, पाठ भिंतीला टेकवून, हातात पाना धरून तो गेला. जनरेटर आपला धडधडत राहिला. तो बंद पडला असता तर आमची अख्खी टॅमरॅक वस्ती हातातलं टाकून धावत आली असती, कारण उणे चाळीसच्या खाली पारा गेला की त्या एका यंत्रावर सगळ्यांचा जीव असतो. पण लॉजमधलं कॉफीचं भांडं गरम होतं, बाहेरचे डिझेलचे पंप चालू होते. वायोलाने सकाळच्या ट्रकवाल्यांना अंडी वाढली, दोघांना "रूडी मागे आहे, येईल" असं सांगितलं, आणि लोणी संपलं म्हणून ती मागच्या फ्रीजरकडे गेली तेव्हा तिला तो दिसला.

कोणाला आपली अडचण होऊ नये, या मताचा माणूस. मरतानाही त्याने कोणाचा नाश्ता खोळंबू दिला नाही. अडचण झाली ती नंतर, आणि त्याच्या सगळ्या आयुष्यात मिळून केली नसेल एवढी.

वायोला माझी नणंद, माझ्या नवऱ्याची, क्लिफर्डची धाकटी बहीण. आता धाकटी म्हणजे पंचावन्नच्या पुढची. क्लिफर्ड हायवेवरचा बर्फ काढायचा ग्रेडर चालवतो आणि मी पोस्टाची खिडकी सांभाळते. कोणाला काय येतं आणि कोण कोणाला काय पाठवत नाही, हे मला न विचारता कळतं. पूर्वी या रस्त्यावर दर तासा-दोन तासाला एक लॉज असायचं. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्यांच्या टाक्या मोठ्या झाल्या, आणि एकेका लॉजच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. दोन्ही बाजूंना कितीही गाडी हाका, उघडं असायचं ते रूडीचंच. दालचिनीचे बन दोन्ही हातांत मावणार नाहीत एवढे करायचा. आमच्या बाया म्हणायच्या, एवढ्या मैद्यात घर बांधून झालं असतं.

पोलीस आले, बघितलं, हृदय बंद पडलं म्हणाले, कागदावर सही केली. त्यांच्यातल्याच दोघांनी रूडीला उचलून बिनशेगडीच्या गॅरेजमध्ये दोन फळ्यांवर ठेवला आणि वर ताडपत्री घातली. आणि तिथून पुढे कोणी हललं नाही.

का हललं नाही, ते सांगते. आम्ही इथले मूळचे लोक. आमच्यात माणूस आईच्या बाजूचा. लांडगा नाहीतर कावळा, तिसरी बाजू नाही. लांडग्याने लांडग्याशी लग्न करायचं नाही, ती भावंडं. लांडगा मेला तर कावळ्यांनी शवपेटी करायची, खड्डा खणायचा, चूल बघायची. लांडग्यांनी हात मांडीवर ठेवून बसायचं आणि रडायचं. कावळा मेला तर उलट. वर्षभराने थडग्यावर दगड बसतो, तेव्हा मेलेल्याची बाजू मोठं जेवण घालते आणि जे राबले त्यांना ब्लँकेटं, बंदुका, पैशांची पाकिटं देऊन मोकळी होते. मोकळी म्हणजे पुढचं कोणी मरेपर्यंत. क्लिफर्ड लांडगा, मी कावळा, आणि आमचा संसार त्यामुळेच टिकलाय असं माझे मामा म्हणतात. मयताला आम्ही दोघं कधी एकाच बाजूला बसत नाही, म्हणून भांडायला वेळ मिळत नाही.

रूडी स्वित्झर्लंडचा. त्याची आई तिकडची, तिला बाजूच नाही. असे गोरे रस्त्यावर पुष्कळ आले आणि गेले. ते मेले की व्हाइटहॉर्सहून, म्हणजे शहरातून, गाडी येते, नेते, विषय संपतो. पण रूडीला बाजू होती. हीच तर पंचाईत. त्याला दोन होत्या.

पहिली मॅटी मावशीने दिली. मॅटी मावशी म्हणजे वायोलाच्या आणि क्लिफर्डच्या आईची सख्खी बहीण, लांडग्यांतली आता सगळ्यांत थोरली. तिचा एकुलता एक मुलगा विल्फ्रेड वसंतात नदीच्या बर्फावरून घरी येत होता, तो आला नाही. तेव्हा रूडी नवा होता, लॉज घेऊन वर्षही झालं नसेल. तो रोज शोधणाऱ्यांबरोबर नदीकाठाने चालला, त्यांना सूप नेऊन दिलं. विल्फ्रेड सापडला, पुरला, आणि दगडाच्या जेवणाला मावशी सगळ्यांसमोर उभी राहिली. तिने आपलं लाल-काळं ब्लँकेट रूडीच्या खांद्यांवर घातलं आणि विल्फ्रेडचं आमच्या भाषेतलं नाव त्याला दिलं. रूडीला त्यातलं किती कळलं देव जाणे. तो लाजला, मान डोलावली, मूस हरणाच्या मांसाचं सूप पुन्हा मागून प्याला. आपण कोणाचा तरी मुलगा झालो, हे त्याला कळलं. आपण वायोलाचा मावसभाऊ झालो, हे कळलं नाही.

दुसरी बाजू त्याला वायोलाने दिली. पुढच्या हिवाळ्यात ती लॉजमध्ये कामाला लागली आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्याच्याकडे राहायलाच गेली. व्हाइटहॉर्सला जाऊन दोघांनी सही केली, अंगठी आणली. लांडग्याच्या पोरीने केलेला नवरा म्हणजे कावळाच असणार, असं तिने धरलं. आम्ही सगळ्यांनी धरलं. म्हणजे असं: जेवणाला तो लांडग्यांच्या बाकावर बसायचा, कारण अंगावर ते ब्लँकेट, आणि घरी आला की मी त्याला नणंदेचा नवरा म्हणून भाऊजी म्हणायचे. दोन्हीकडून जेवायचा. उधारीवर डिझेल देणाऱ्या माणसाला कोण विचारतं, बाबा रे तू नेमका कोण?

मॅटी मावशी वायोलाला एका शब्दाने वाईट बोलली नाही. बोललीच नाही. लॉजमध्ये पुढच्या दाराने येणं तिने बंद केलं. मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायची, रूडीच्या हातचा चहा घ्यायची, त्याला विल्फ्रेड म्हणायची, आणि वायोला समोरून गेली तर भिंत बघावी तसं बघायची. वीस वर्षांवर हे चाललं. माणसाला कशाचीही सवय होते, आणि थंडीत जरा लवकरच होते.

तर आता तो गॅरेजमध्ये होता आणि कोणी त्याला हात लावला की हिशेब सुरू होणार होता. मी सूप घेऊन गेले तर कावळ्यांनी चूल सांभाळली, म्हणजे तो लांडगा. क्लिफर्डने पेटीची फळी कापली तर लांडगे राबले, म्हणजे तो कावळा. म्हणून दुसऱ्या दिवशी मी रिकामं पातेलं घेऊन लॉजवर गेले.

वायोला काउंटर पुसत होती. पुसून झालेला भाग पुन्हा पुसत होती.

"हे काय आणलंस, वहिनी?"

"तुझं पातेलं. कधीचं माझ्याकडे पडलं होतं."

"हे माझं नाही."

"मग मी चहा पिते आणि परत नेते."

ती हसली नाही. चहा ओतला, समोर ठेवला. तिचा चेहरा असा होता, जसा बाहेरच्या थंडीतून आल्यावर गाल असतो: बोट लावलं तर कळणार नाही, दुखेल ते नंतर. रडली का, म्हणून मी बघत होते. डोळे कोरडे.

"मला त्याला इथे ठेवायचंय," ती म्हणाली. "वर टेकडीवर, आपल्या माणसांत. गाडीत घालून पाठवायचा नाही."

"कोणी पाठवतंय का?"

"तुझे मामा पाठवतायत. सकाळी फोन आला होता. शुक्रवारी व्हाइटहॉर्सची गाडी वर येतेय म्हणे, तिच्यात दे, जाळून घे, राख त्याच्या माणसांकडे पाठव. त्याच्या माणसांना मी फोन केला. एक पुतण्या आहे. त्याने दोनदा विचारलं, कोण रूडी?"

"आणि मामांना काय म्हणालीस?"

"म्हटलं, बघते." फडकं तिने घडी करून ठेवलं, मग पुन्हा उघडलं. "वहिनी, आणि मी त्याची बायको म्हणून बसणार. हे पण सांग त्यांना."

यातली गोम बाहेरच्याला कळायची नाही. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला वर्षभर कोणी काम सांगत नाही. नवऱ्याच्या बाजूच्या बायका तिचे केस कापतात, तिचं पाणी भरतात, चूल बघतात, तिच्याशी हळू बोलतात. दगड बसला की तिला हाताला धरून उठवतात आणि सांगतात, जा, आता मोकळी. बहिणीला यातलं काही नाही. बहीण बाकावर बसते, रडते, उठते. सरकारच्या लेखी वायोला विधवाच होती. कागद होता तिच्याकडे. पण सरकार काही पाणी भरायला येत नाही.

ऑर्विल मामा बुधवारी आले. कावळ्यांचा शब्द त्यांचा. ते रस्त्याने खाली, पुढच्या वस्तीत राहतात. त्यांच्या जुन्या ट्रकला अशा थंडीत चालू करणं म्हणजे म्हाताऱ्या सासूला नाचायला उठवण्यासारखं आहे, असं ते सांगतात आणि तरी येतात. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी टोपी काढली, तिच्यातला बर्फ माझ्या फरशीवर झटकला.

"काय गं, कागदवाली! तुझ्या नणंदेने आम्हाला कुठे नेऊन घातलं बघ."

"तिने काय केलं? मेला तो."

"मेला ते बरं केलं, चांगला वेळेवर मेला. सगळ्यांची कामं थंडीने बंदच आहेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, मला तो हवाय टेकडीवर. माझ्या ट्रकचा पंप बसवून दिला त्याने, पैसे घेतले नाहीत. पण मी कोणाचा म्हणून खणू? लांडगा म्हणून खणला तर ही पोरगी इतकी वर्षं भावाबरोबर राहिली, असं मी सगळ्यांसमोर म्हटल्यासारखं होतं. कावळा म्हणून ठेवला, तर आमच्यातल्या कोणाचा? कोणत्या बाईचा मुलगा, कोणाचा भाऊ? वर्षाने त्याच्या नावाने जेवण कोण घालणार? गाडीत घाला. कोणाचं कोणाकडे काही राहणार नाही."

"तिला इथेच हवाय."

"मलाही पुष्कळ काही हवं असतं."

आणि त्याच वेळी क्लिफर्ड आत आला, बूट आपटत, पापण्यांवर बर्फ घेऊन. खुर्ची ओढली आणि सहज म्हणाला, "टेकडीचा रस्ता मोकळा केला. कमरेएवढा होता. आता ट्रक जाईल वरपर्यंत."

मामांनी कप खाली ठेवला. माझ्या नवऱ्याने तीस वर्षं बर्फ दिसला की काढलाय. दुसरा विचार त्याच्या डोक्यात येत नाही. त्यात बहिणीचं घर. पण टेकडीवरचा रस्ता म्हणजे थडग्यांचा रस्ता, आणि मयतासाठी तो मोकळा करणं हे काम आहे, समोरच्या बाजूचं काम.

"जावईबापू," मामा म्हणाले. खरं तर क्लिफर्डला ते असं म्हणतात तेव्हा काही बरं निघत नाही. "तुम्ही काय केलंत ते कळतंय का?"

"रस्ता साफ केला."

"तुम्ही लांडगे. म्हणजे लांडगे राबले. म्हणजे तो कावळा. तुम्ही एका ग्रेडरने त्याला आमच्यात ढकललात की! आता वर्षाने मी तुम्हाला ब्लँकेट द्यायचं का? कोणत्या रंगाचं आवडेल?"

क्लिफर्डने माझ्याकडे बघितलं. मी शेगडीकडे बघितलं.

"मला सरकार पगार देतं," तो म्हणाला. "पगाराचं काम धरत नाहीत."

"सरकार हायवेचा पगार देतं. टेकडी हायवेवर आली कधीपासून?"

"डिझेल सरकारचं होतं."

"मग सरकारला ब्लँकेट देतो!"

शेवटी ठरलं की ग्रेडर धरायचा नाही. क्लिफर्डने चुकून वळण घेतलं असं सगळ्यांनी म्हणायचं. तीस वर्षं तोच रस्ता चालवणारा माणूस चुकून वळला. हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं, कारण दुसरं काही मान्य करणं जड होतं. क्लिफर्ड मात्र दुखावला. खड्ड्यात गेला तरी चालेल, पण वळण चुकला असं कोणी म्हणू नये, असा तो.

दुपारी वायोला पोस्टात आली. पत्र विचारायला नाही. खिडकीशी उभी राहिली आणि हातमोजे न काढता म्हणाली, "वहिनी, तू कावळा आहेस."

"होय, कळलं होतं मला."

"तू त्याला भाऊ म्हण. उद्या सगळ्यांसमोर उभी राहा आणि म्हण, रूडी माझा भाऊ. मग तो कावळा. मग मी त्याची बायको."

"मेलेल्या माणसाला कोण भाऊ करून घेतं, वायोला?"

"मनाई आहे का?"

मी विचार केला. मनाई आहे असं कोणी कधी सांगितलं नव्हतं, कारण असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मग मी दुसरा विचार केला, कारण माझं डोकं तसंच चालतं: भाऊ म्हटला की दगडाचं जेवण माझ्या गळ्यात. वर्षभर शिवायचं, साठवायचं, मूस मिळवायचा, माणसं बोलवायची. तेही होईल. वायोला इतकी वर्षं माझी नणंद आहे आणि तिने माझ्याकडे मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

"मावशीचं काय?" मी म्हटलं. "तिचं ब्लँकेट आहे त्याच्यावर. नाव आहे."

"तू विचार तिला. माझ्याशी ती बोलत नाही."

मी खिडकी लवकर बंद केली आणि मावशीकडे गेले. तिला आता डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळतो. खिडकीजवळ बसून मण्यांची चप्पल हाताने चाचपत होती. अशा चपला तिने आयुष्यभर शिवल्या आणि आता नुसती बोटं फिरवते.

"कोण?"

"मी, मावशी. क्लिफर्डची."

"बस. लाकूड टाक आधी." मी शेगडीत लाकूड टाकलं. "विल्फ्रेड गॅरेजमध्ये पडलाय म्हणे."

"होय."

"नदीतून काढला तेव्हासुद्धा एवढा वेळ पडून नव्हता." तिचा आवाज चढला नाही, पडला नाही. "काय ठरवताय तुम्ही सगळे? मला कोणी बोलवलं नाही. आंधळी आहे, मेले नाही अजून."

मी तिला वायोलाचं म्हणणं सांगितलं नाही. सांगायला गेले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की उद्या लॉजमध्ये सगळे जमतायत, क्लिफर्ड तुला न्यायला येईल. ती म्हणाली, मागच्या दाराला बर्फ साचला असेल. मी म्हटलं, पुढच्या दाराने ये.

गुरुवारी सगळे आले. वरच्या वस्तीतले, खालच्या वस्तीतले, रस्ता-खात्याच्या छावणीतले. लॉजच्या मोठ्या खोलीत लांडगे एका भिंतीला, कावळे दुसऱ्या. क्लिफर्ड मावशीला हाताला धरून घेऊन आला, पुढच्या दाराने. बाहेर ट्रक चालूच ठेवले होते, बंद केले तर पुन्हा चालू होणार नाहीत म्हणून, आणि त्यांचा धूर खिडकीच्या उंचीवर तसाच थांबला होता. वायोला मध्ये उभी होती, काउंटरला टेकून. ती कुठल्याच भिंतीला बसली नव्हती.

मामांनी घसा खाकरला. "मॅटी, तू थोरली. हा माणूस कोणाचा ते तू सांग."

"मी एकदा सांगितलंय," मावशी म्हणाली. "दगडाच्या जेवणात. तुम्ही सगळे होतात. कोणी जेवला नसेल तर हात वर करा. मला दिसणार नाही, तेव्हा बोलून सांगा."



"मी जेवलो," मामा म्हणाले. "दोनदा."

"तुझं ठाऊक आहे सगळ्यांना."

कोपऱ्यात कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मामांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "पण त्यानंतर ही पोरगी त्याच्या घरी राहिली. तेव्हा तू काही म्हणाली नाहीस."

"काय म्हणणार होते? त्याला म्हटलं असतं तर तो गेला असता. परत स्वित्झर्लंडला. मी दुसऱ्यांदा नदीकाठाने चालायचं का? हिला म्हटलं असतं तर ही त्याला घेऊन गेली असती. म्हणून गप्प राहिले."

"म्हटलं असतंस तर बरं झालं असतं, मावशी," वायोला म्हणाली.

किती वर्षांनी तिने त्या बाईशी तोंड उघडलं होतं. मावशीने आवाजाच्या दिशेला मान वळवली.

"वायोला आहे का?"

"होय."

"आवाज आईसारखा झालाय तुझा." चपलेवर फिरवायची तशी बोटं मांडीवर फिरवत होती. "ब्लँकेट परत हवं असेल तर घ्या. मी काही म्हणणार नाही. नवरा म्हणून ठेव त्याला, कावळा कर, काय हवं ते कर. पण ते नाव मी त्याच्याजवळ ठेवलंय. ते काढून घेतलं तर कुठे ठेवू? आता दुसरा कोण आहे माझ्याकडे? तू सांग, तसं करते."

ती चिडून बोलली असती तर सोपं गेलं असतं. तिने खरंच विचारलं होतं. वस्तू कुठे ठेवू, असं विचारावं तसं.

वायोलाने माझ्याकडे बघितलं. हे आमचं ठरलं होतं. मी उठले. मामांनी भुवया वर केल्या. मी काय म्हणायचं ते रात्रभर तोंडात घोळवलं होतं, एकच वाक्य होतं, ते जिभेवर आलं होतं. मी "माझा" एवढं म्हटलं असेन.

"राहू दे, वहिनी," वायोला म्हणाली.

तिने मागे हात नेऊन अ‍ॅप्रनची गाठ सोडली, अ‍ॅप्रन काउंटरवर ठेवला, चालत लांडग्यांच्या भिंतीकडे गेली.

"तो माझा भाऊ होता," ती म्हणाली. "मॅटी मावशीचा मुलगा."

कुठल्या गाडीत किती डिझेल भरलं ते ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात. आणि मग काय झालं ते मी बघितलं, बंद पडलेलं यंत्र चालू व्हावं तसं. आमच्या भिंतीच्या सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या. मामा उठले, हातमोजे चढवले, म्हणाले, "चला." दोघं पेटीच्या फळ्या आणायला गेले. चौघं सरपण आणि अर्धी कापलेली पिंपं घेऊन टेकडीवर, जमीन वितळवायला. बायका स्वयंपाकघरात शिरल्या. मी कांदे चिरायला घेतले. एवढे दिवस ज्याला बोट लावायची भीती होती, त्याला तासाभरात आंघोळ घातली, चांगला शर्ट चढवला. ते ब्लँकेट वायोलाच्याच कपाटात होतं. तिनेच सांगितलं, खालच्या कप्प्यात, डाव्या हाताला.

ती आता काही करू शकत नव्हती. लांडगे काम करत नाहीत. मॅटी मावशीने बाकावर थोडं सरकून जागा केली, हाताने चाचपून जागा दाखवली, आणि वायोला तिथे बसली. दोघी शेजारी शेजारी, एकीचे डोळे गेलेले आणि दुसरीचे कोरडे. क्लिफर्ड त्यांच्या पलीकडे हात मांडीवर ठेवून बसला होता. पुन्हा बर्फ पडला होता आणि आमच्यातला एक भाचा टेकडीच्या रस्त्यावर ग्रेडर नेत होता. खिडकीतून ते बघताना क्लिफर्डचे पाय खाली दाबत होते, जसं काही त्याच्याच पायाखाली ब्रेक आहे. "पातं फार वर धरलंय," तो पुटपुटला. "गप्प बस आणि रड," मी कांद्यांवरून म्हटलं.

जमीन वितळायला वेळ लागला. आग, मग कुदळ, मग पुन्हा आग. शुक्रवारची गाडी आली, ड्रायव्हरने कॉफी घेतली आणि रिकामी गेली. शनिवारी रूडीला पुरलं. क्रूसावर लांडग्याचं चित्र काढलं, वर त्याचं स्विस नाव, खाली विल्फ्रेडचं. थडग्याशी वायोला बहिणीच्या जागी उभी राहिली आणि बहिणीने टाकायची तेवढी माती तिने टाकली. मावशी रडली, मोठ्याने, जशी रडायची राहून गेली होती. वायोलाने तिचा हात धरून तिला ट्रकपर्यंत आणलं. अंगठी तिने कधी काढली ते मी पाहिलं नाही. बोट मोकळं होतं.

रविवारी सकाळी मी लॉजवर गेले. का गेले, ते मला नक्की सांगता येणार नाही. आमचं काम आदल्या दिवशीच संपलं होतं, आता दगडापर्यंत माझं तिथे काही नव्हतं. वायोला तव्यापाशी होती. तिला कोणी थांबवलं नव्हतं, थांबवायला कोणी नव्हतं. बहिणीला कोण थांबवतं? मॅटी मावशी खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती, समोर चहा. मी काउंटरवर बसले. वायोलाने न विचारता कॉफी ओतली.

दक्षिणेकडून एक ट्रकवाला आला, दाढीला बर्फ. वर्षातून चार-पाचदा जाणारा, तोंडओळखीचा. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"खालच्या वस्तीत कळलं, बाई," तो म्हणाला. "फार वाईट झालं. तुमचा नवरा फार चांगला माणूस होता."

वायोला तव्याकडे बघत राहिली.

"नवरा नाही," खिडकीजवळून मॅटी मावशी म्हणाली. "भाऊ."

ट्रकवाल्याने मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कपात बघितलं.

"अंडी कशी हवीत?" वायोलाने विचारलं.

"उलटून," तो म्हणाला.

तिने दोन अंडी फोडली, कडा पांढऱ्या व्हायची वाट पाहिली, आणि उलटली.